लेसिकआधीची वेव्हफ्रंट तपासणी: आकडा बरोबर येण्यासाठी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

चष्मा काढायचं ठरवून आलेल्या माणसाला मी आधी नंबर विचारत नाही. आधी विचारते, "शेवटची लेन्स कधी काढली?" उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: "आत्ताच, खाली पार्किंगमध्ये." मग सटाण्याहून पहाटेची एसटी धरून आलेला असो की शेजारच्या कॉलेज रोडवरून, त्या दिवशीची मापं घेण्यात अर्थ नसतो. घेतली तर आकडे छापून येतील, रंगीत नकाशाही येईल, पण तो त्या माणसाच्या डोळ्याचा नसेल. लेन्सने दाबून ठेवलेल्या डोळ्याचा असेल.

नाशिकमध्ये ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून ही तपासणी मी रोज करते. चूक यंत्रापेक्षा तयारीत आणि क्रमात जास्त होते. लेसिकमध्ये लेसर याच आकड्यांवर चालतो आणि एकदा घासलेलं बुबुळ, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, परत भरून येत नाही. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

आधी एवढं समजून घ्या: यंत्र काय मोजतं

नेहमीच्या नंबरात दोनच गोष्टी असतात, गोल नंबर आणि सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर. डोळ्यात याशिवाय बारीक वाकडेपणा असतो, तो चष्म्याने जात नाही. रात्री समोरच्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा दिसणं, अक्षराला शेपूट दिसणं, दिव्याभोवती वलय दिसणं, यामागे बऱ्याचदा तोच असतो.

वेव्हफ्रंट यंत्र डोळ्यात न खुपणाऱ्या प्रकाशाचा एक बारीक ठिपका मागच्या पडद्यावर टाकतं. तो प्रकाश परत बाहेर येताना शेकडो इवल्या भिंगांच्या जाळीवर पडतो आणि प्रत्येक भिंग आपापला ठिपका उमटवतं. डोळा निर्दोष असता तर सगळे ठिपके चौकटीच्या वहीसारखे सरळ रांगेत पडले असते. कोणता ठिपका किती सरकला, यावरून वाकडेपणाचा हिशोब निघतो, आणि तोही मायक्रॉनमध्ये. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बाहुली ६ मिलिमीटर असताना निरोगी डोळ्यातला चष्म्याने न जाणारा वाकडेपणा सरासरी ०.३ मायक्रॉनच्या आसपास असतो.

आता बुबुळावरच्या अश्रूंच्या थराचा विचार करा. तो जेमतेम तीन-चार मायक्रॉन जाड असतो आणि पापणी उघडी राहिली की जागोजागी फाटतो. म्हणजे आपल्याला जे मोजायचं आहे त्यापेक्षा मोठा खड्डा नुसत्या कोरडेपणाने पडू शकतो. या लेखातली जवळपास प्रत्येक सूचना इथून निघालेली आहे.

टप्पा १: नंबर थांबला आहे का, ते कागदावर दाखवा

वय १८ पूर्ण हवं, पण तेवढ्याने भागत नाही. गेल्या वर्षभरात नंबर अर्ध्या नंबरापेक्षा (०.५०) जास्त सरकलेला नसावा. "दोन वर्षांपासून तोच आहे" हे तोंडी चालत नाही. चष्म्याच्या दुकानातल्या जुन्या चिठ्ठ्या शोधा. चिठ्ठी नसेल तर जुना चष्मा घेऊन या. काच तुटलेली असली तरी चालेल, काचेवरून नंबर काढता येतो.

गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर तपासणीच पुढे ढकला. या काळात नंबर आणि अश्रू दोन्ही बदलतात.

थांबा: सिलिंडर नंबर दर वर्षी वाढतोय, चष्मा लावूनही पूर्ण ६/६ दिसत नाही, डोळे सतत चोळायची सवय आहे, किंवा घरात कोणाला केराटोकोनस आहे, यातलं काही असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. केराटोकोनसमध्ये बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं. अशा डोळ्यावर लेसिक करणं म्हणजे आधीच कमकुवत भिंतीची वीट काढणं. "सांगितलं तर नाही म्हणतील" म्हणून ही माहिती लपवणारी मुलं मी पाहिली आहेत. नाही म्हणतील हे खरं, आणि म्हणायलाच हवं.

टप्पा २: लेन्स बंद करा, आणि तारीख मोजून करा

सर्वात जास्त तपासण्या इथेच वाया जातात. लेन्स बुबुळावर बसून त्याचा आकार किंचित बदलते. काढल्यावर बुबुळ मूळ आकारात येतं, पण त्याला आठवडे लागतात.

साधी सॉफ्ट लेन्स: किमान २ आठवडे बंद. सिलिंडरची टोरिक लेन्स किंवा सेमी-सॉफ्ट लेन्स: किमान ३ आठवडे. जुन्या पद्धतीची हार्ड लेन्स: किमान ४ आठवडे. तुमच्या डॉक्टरांनी याहून जास्त सांगितलं तर त्यांचंच ऐका.

उलटं मोजायची सवय लावा. तपासणी २८ तारखेला असेल तर सॉफ्ट लेन्स १४ पासून बंद, टोरिक ७ पासून बंद, आणि हार्ड लेन्स आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच डबीत. घरच्या कॅलेंडरवर गोल करा.

मधल्या काळात "फक्त लग्नापुरती, दोन तास" लेन्स घातली तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू. हे ऐकताना मुलींचे चेहरे उतरतात, मला कळतं. म्हणूनच लग्नसराई पाहून तारीख घ्या. रंगपंचमीच्या आठवड्यातही घेऊ नका. जुन्या नाशकात रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारलेल्या डोळ्यांची लाली पुढे कितीतरी दिवस टिकते.

लेन्स कोणती आहे हेच माहीत नसेल तर डबी किंवा खोका घेऊन या. "पाण्यासारखी मऊ आहे" एवढ्यावरून टोरिक आहे की साधी, हे कळत नाही.

तपासून घ्या: सेमी-सॉफ्ट किंवा हार्ड लेन्स वर्षानुवर्षं वापरली असेल तर एका तपासणीवर भागवू नका. आठवड्याच्या अंतराने दोन नकाशे काढायला सांगा. दोन्ही जुळले की बुबुळ थांबलं असं समजायचं. जुळले नाहीत तर आणखी वाट पाहायची.

टप्पा ३: शेवटचे पंधरा दिवस डोळे ओले ठेवा

आपल्याकडे हवा आणि काम दोन्ही डोळे कोरडे करतात. निफाडकडच्या थंडीतली कोरडी हवा, सातपूर-अंबडच्या कारखान्यातली रात्रपाळी, दिवसभर एसीत संगणक. द्राक्षबागायतदारांचं तर वेगळंच. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर काडीला पेस्ट लावायचे आणि पुढे फवारणीचे दिवस डोळ्यांसाठी वाईट. कांद्याच्या चाळीत काम असेल तर तिथली धूळही तशीच. तुम्ही शेतकरी असाल तर छाटणी आणि फवारणी आटोपल्यावरची तारीख मागा, आणि फोन करताना कारण सांगा.

या पंधरा दिवसांत एवढं करा. मोटारसायकलवर हेल्मेटची काच खाली ठेवा. संगणकावर काम करताना मुद्दाम पूर्ण पापणी मिटवा. अर्धवट उघडझाप बहुतेकांची होते आणि तिने अश्रू पसरत नाहीत. डोळे चोळू नका. खाज येत असेल तर ती बहुतेकदा ॲलर्जी असते, तिच्यावर आधी उपचार घ्या. डॉक्टरांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब दिले असतील तर ते नियमित टाका.

पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनची गोळी चालू असेल, किंवा सर्दी-ॲलर्जीची गोळी रोज घेत असाल, तर सांगा. या दोन्ही गोळ्या डोळे कोरडे करतात. स्वतःहून बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांना विचारून डॉक्टर ठरवतील.

टप्पा ४: आदला दिवस आणि ती सकाळ

झोप पूर्ण घ्या. रात्रपाळी करून थेट येऊ नका.

काजळ, सुरमा, मस्कारा आदल्या दिवसापासून बंद. काजळ पापणीच्या कडेवरच्या तेलाच्या ग्रंथींवर बसतं, आणि अश्रू वाळू न देणारं तेल तिथूनच येतं. लहानपणापासून काजळ घालणाऱ्या एका बाईंच्या नकाशात मला खालच्या बाजूला एक काळा पट्टा दिसत होता. कापसाने कड पुसून, अर्धा तास बसवून पुन्हा मोजलं तेव्हा तो पट्टा गेला.

तपासणीच्या आधी दोन-तीन तास कोणतेही वंगणाचे थेंब नकोत आणि आदल्या रात्री जेल नको. थेंबाने थर जाड होतो आणि तोही आकडा बिघडवतो. काचबिंदूचे थेंब मात्र कधीही बंद करायचे नाहीत.

सकाळपासून मोबाइल जवळ धरून पाहत बसू नका, विशेषतः वाट पाहताना. जवळचं पाहताना डोळ्यातलं भिंग आवळलेलं असतं. ते सैल व्हायच्या आत मोजलं तर उणे नंबर आहे त्यापेक्षा जास्त येतो. वेटिंग हॉलमध्ये खिडकीतून लांब पाहा.

सोबत कोणीतरी हवंच. शेवटी बाहुली मोठी करायचे थेंब पडतात, पुढचे काही तास जवळचं वाचता येत नाही आणि ऊन सहन होत नाही. गाडी चालवून परत जायचं नाही. ठक्कर बाजार किंवा महामार्ग स्थानकावरून बस धरणार असाल तरी बसची पाटी वाचायला माणूस लागतो. गॉगल आणा.

टप्पा ५: तपासण्यांचा क्रम स्वतः पाहा

नियम सोपा आहे. डोळ्याला न शिवता होणारं सगळं आधी, शिवणारं नंतर, बाहुली मोठी करणारं सर्वात शेवटी.

१. विचारपूस आणि जुन्या चष्म्याचा नंबर.
२. वेव्हफ्रंट आणि बुबुळाची टोपोग्राफी, म्हणजे पृष्ठभागाचा नकाशा. थेंब नाही, स्पर्श नाही.
३. तक्त्यावर अक्षरं वाचून नंबर.
४. अश्रूंची तपासणी: रंगाचा थेंब टाकून अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते पाहणं, मग कागदी पट्टी पाच मिनिटं पापणीत ठेवणं. थर दहा सेकंद किंवा जास्त टिकला तर बरा, पाचच्या आत फाटला तर काळजीचं.
५. डोळ्याचा दाब, आणि सुन्न करून टोकाने बुबुळाची जाडी.
६. बाहुली मोठी करून पुन्हा नंबर, आणि मागच्या पडद्याची तपासणी.

थांबा: गर्दीच्या दिवशी कोणी आल्याआल्या थेंब टाकायला लागलं तर नम्रपणे विचारा, "माझं वेव्हफ्रंट झालंय का?" काही यंत्रांवर बाहुली मोठी करून मोजायची पद्धत असते, पण मग ते तसं कारणासहित सांगतील. कारण न सांगता थेंब पडले असतील तर त्या दिवशीचं वेव्हफ्रंट माप धरू नका.

टप्पा ६: यंत्रासमोरची दोन मिनिटं

खोली अंधारी असते. बाहुली आपोआप मोठी व्हावी हा त्यामागचा हेतू. दार उघडं ठेवून कोणी ये-जा करत असेल तर बंद करायला सांगा.

हनुवटी टेकवा, आणि कपाळ पट्टीला खरोखर टेकवा. निम्मे लोक कपाळ एक बोट मागे ठेवतात. स्टूल उंच-बुटकं वाटत असेल तर बोला, कारण अवघडून बसलं की डोकं कलतं. डोकं पाच अंश कललं तर सिलिंडरचा कोनही पाच अंश फिरतो.

आत एक चित्र दिसेल, लांबवरचा फुगा किंवा रस्ता किंवा चांदणीसारखं काही. ते मध्येच धूसर होतं. ते मुद्दाम केलेलं असतं, तुमच्या डोळ्यातलं भिंग सैल सुटावं म्हणून. स्पष्ट करायचा प्रयत्न करू नका. हुशार मुलं इथे हटकून चुकतात, त्यांना परीक्षा असल्यासारखं वाटतं. नुसतं पाहा.

मग खरा क्षण. मी म्हणते, "मिटा, उघडा, मिटा, उघडा, आता उघडे ठेवा." उघडल्यावर एक क्षण जाऊ द्यायचा आणि त्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांत माप घ्यायचं. यंत्राच्या पडद्यावर मला ठिपक्यांची जाळी दिसत असते. पहिल्या सेकंदाला ठिपके टोकदार असतात. पाचव्या-सहाव्या सेकंदाला एखाद्या कोपऱ्यातले ठिपके फुगायला, पुसट व्हायला लागतात: तिथे अश्रू फाटले. म्हणून "न मिटता धरून ठेवा, धरून ठेवा" म्हणत ताणलेलं माप घेऊ देऊ नका. डोळा चुरचुरायला लागला तर सांगून मिटा. पुन्हा घेता येतं.

प्रत्येक डोळ्याची किमान तीन मापं हवीत. मध्ये हनुवटी काढून पुन्हा टेकवलेली असेल तर उत्तम.

तपासून घ्या: "तिन्ही मापं एकमेकांशी जुळली का?" एवढा एक प्रश्न विचारा.

मध्येच एक खुलासा: जाहिरातीतलं अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स

बरेच जण विचारतात, "तुमच्याकडे अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स आहे का?" हे तंत्र वेव्हफ्रंटच्या पुढचं पाऊल आहे. मोजलेला वाकडेपणा एका आकार बदलणाऱ्या आरशाला सांगायचा, आरशाने उलटा वाकून तो खोडून काढायचा, आणि हे सेकंदाला अनेकदा करत राहायचं. खगोलशास्त्रज्ञ हवेची थरथर खोडायला दुर्बिणीत हेच वापरतात. डोळ्यात वापरलं की जिवंत माणसाच्या पडद्यावरच्या एकेक शंकूपेशीचं चित्र घेता येतं. पडद्याच्या मध्यभागी या पेशी दोन-तीन मायक्रॉनच्या असतात. हे काम मुख्यतः संशोधन प्रयोगशाळांत चालतं. तिथे बाहुली मोठी करतात, डोकं हलू नये म्हणून अनेकदा दातांचा ठसा घेतलेली पट्टी चावून बसवतात, आणि तरीही डोळा हलतोच म्हणून कित्येक चित्रं जुळवून एक करतात. याच तंत्राचे सिम्युलेटरही आहेत, त्यांत उपचाराआधीच "असं दिसेल" हे माणसाला दाखवता येतं.

लेसिकसाठी तुम्हाला यातलं मोजमाप लागतं, आरसा लागत नाही. कधी संशोधनासाठी बोलावणं आलं तर वरचे लेन्सचे आणि कोरडेपणाचे नियम तिथेही लागू आहेत.

टप्पा ७: कागद हातात घेऊन वाचा

नाव आणि उजवा-डावा डोळा पाहा. हसू नका, हे आधी पाहायचं.

मग बाहुलीचा आकार. वाकडेपणाचा आकडा कोणत्या बाहुलीसाठी आहे ते शेजारीच लिहिलेलं असतं. बाहुली मोठी तसा वाकडेपणा वाढतो. एका ठिकाणचा ४ मिलिमीटरचा आकडा आणि दुसऱ्या ठिकाणचा ६ मिलिमीटरचा आकडा यांची तुलना होत नाही. "तिकडे कमी आला होता" म्हणून वाद घालण्याआधी हे पाहा.

यंत्राचा नंबर आणि तक्त्यावर अक्षरं वाचून काढलेला नंबर शेजारी ठेवा. अर्ध्या नंबरापेक्षा जास्त फरक असेल, किंवा सिलिंडरचा कोन बराच वेगळा असेल, तर कुठेतरी काहीतरी हललंय. पुन्हा मोजायला सांगा.

जाडीचा हिशोब स्वतः करून पाहा. ६ मिलिमीटरच्या क्षेत्रात एका नंबराला साधारण १२ ते १५ मायक्रॉन बुबुळ घासलं जातं. जाडी ५०० आणि नंबर उणे ६ असेल तर घासणं ९० पर्यंत, लेसरआधी कापून उचलतात तो वरचा पापुद्रा ११० च्या आसपास, म्हणजे खाली उरले ३००. २५० च्या खाली जायचंच नाही, आणि बरेच सर्जन ३०० च्या जवळपास थांबतात. हिशोब काठावर येत असेल तर सर्जनना थेट विचारा, संकोच करू नका.

टप्पा ८: सर्जनना विचारायचा प्रश्न

"कस्टम लेसर" हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. वेव्हफ्रंट-गायडेड म्हणजे तुमचं माप प्रत्यक्ष लेसरमध्ये जातं. वेव्हफ्रंट-ऑप्टिमाइज्ड म्हणजे लेसरने नवा वाकडेपणा वाढवू नये म्हणून आधीच ठरवलेली दुरुस्ती, त्यात तुमच्या डोळ्याचा स्वतंत्र नकाशा जात नाही. टोपोग्राफी-गायडेड म्हणजे फक्त बुबुळाच्या पृष्ठभागाचा नकाशा. दुसरा प्रकार कमी प्रतीचा नाही. वाकडेपणा मुळात थोडा असेल तर तो पुरतो. पण पहिल्याचे पैसे देऊन दुसरा मिळू नये, म्हणून विचारा: "माझं आजचं माप लेसरमध्ये जाणार आहे का, आणि का?"

जाणार असेल आणि मधे महिने गेले असतील, तर शस्त्रक्रियेच्या जवळच्या दिवशी माप पुन्हा घ्या. त्या दोन भेटींच्या मधेही लेन्स बंदच.

टप्पा ९: सगळे कागद जपून ठेवा

शस्त्रक्रिया झाली की लोक फाइल फेकून देतात. साठीत मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना बुबुळाचा मूळ वक्र आणि लेसिकआधीचा नंबर विचारला जातो, कारण लेसिकने बदललेल्या बुबुळावर नेहमीचा हिशोब चुकतो. म्हणून लेसिकआधीचा नंबर, टोपोग्राफी, जाडी आणि वेव्हफ्रंट हे चार कागद वेगळे काढा. काही यंत्रांतून निघणारी पावती गुळगुळीत कागदावर असते आणि तिची शाई दोन-तीन उन्हाळ्यांत उडते. तिची त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो घ्या, आणि एक प्रत घरातल्या जमिनीच्या उताऱ्यांच्या पिशवीत ठेवा. ती पिशवी कोणी फेकत नाही.